धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा: काही अणूंच्या जाडीतली रचना

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमवर टिग वेल्डिंग करणारा कारागीर काम सुरू करण्यापूर्वी जोडाची जागा स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशने घासून घेतो आणि मशीन एसी करंटवर लावतो. या दोन्ही गोष्टींमागे कारण एकच आहे. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्या पृष्ठभागावर बसलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा वितळण्यासाठी दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे आतला धातू पातळ होऊन वाहू लागला तरी वरचे आवरण तसेच राहते आणि जोड एकजीव होत नाही. एसी करंटच्या ज्या अर्ध्या आवर्तनात इलेक्ट्रोड धन असतो, त्या अर्ध्या आवर्तनात हे आवरण फुटून निघते. ब्रशने घासलेल्या जागेवर नवा पापुद्रा यायला मात्र क्षणही लागत नाही, आणि तो दोन ते चार नॅनोमीटर जाड झाला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. अणूंचा एक थर साधारण पाव नॅनोमीटरचा धरला, तर हे सारे आवरण दहा-पंधरा थरांचे भरते.

एवढ्याशा जाडीत अणू नेमके कसे बसलेले असतात, हा या लेखाचा विषय आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या मोठ्या स्फटिकाची रचना पाठ्यपुस्तकात दिलेली असते, तिचाच पातळ काप म्हणजे हा पापुद्रा, असे सुरुवातीला कोणालाही वाटेल. ते खरे नाही. पातळ थराची रचना बहुतेक वेळा त्याची स्वतःची असते, आणि ती ठरवण्यात खालच्या धातूचा वाटा मोठा असतो.

असे पापुद्रे घरातही सर्वत्र आहेत. स्टेनलेस स्टीलच्या डब्यावर क्रोमियमने समृद्ध असलेल्या ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटरचा थर असतो, आणि तो टिकून राहावा म्हणूनच त्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम घालावे लागते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेले तांब्याचे नवे भांडे काही दिवसांत लालसर तपकिरी होते, त्याची सुरुवात क्यूप्रस ऑक्साइडने होते. चांदीचे निरांजन काळे पडते ते मात्र ऑक्साइडमुळे नव्हे, तर हवेतल्या गंधकयुक्त वायूंपासून बनलेल्या सल्फाइडमुळे. या दोहोंची गल्लत फार होते म्हणून उल्लेख केला. पावसाळ्यात बाल्कनीच्या ग्रिलवर चढणारा गंज तर अगदीच वेगळ्या जातीचा. तो पाणी धरून ठेवणारा, सच्छिद्र आणि पोपडे धरणारा असल्यामुळे खालच्या लोखंडाला संरक्षण देत नाही, आणि त्याच बाल्कनीतली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी वर्षानुवर्षे शाबूत राहते. भोसरीतले कारखाने ॲनोडायझिंग करून ॲल्युमिनियमवर चढवतात तो थरही इथे बाजूला ठेवू, कारण तो काही मायक्रोमीटरचा, म्हणजे नैसर्गिक पापुद्र्याच्या हजारो पटींनी जाड असतो.

हा पापुद्रा वाढता वाढता का थांबतो, याचे उत्तर नेव्हिल मॉट आणि निकोलास काब्रेरा या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दिले, आणि आजही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. धातूवर ऑक्साइडचा एक-दोन थरांचा लेप बसला आहे आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला ऑक्सिजनचे अणू येऊन चिकटत आहेत, अशी कल्पना करा. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन हवे असतात आणि धातूकडे ते मुबलक असतात. मध्ये ऑक्साइडची विद्युतरोधक भिंत असली तरी ती इतकी पातळ असते की पुंजभौतिकीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉन टनेलिंग करून, म्हणजे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तिच्यातून आरपार जाऊन, पलीकडे पोचतात. परिणामी बाहेरची बाजू ऋणभारित आणि धातूची बाजू धनभारित होते. या दोन बाजूंमधला विद्युतदाब एखाद्या व्होल्टच्या आसपासच असतो, पण अंतर एका नॅनोमीटरचे असल्यामुळे विद्युतक्षेत्र मीटरला शंभर कोटी व्होल्ट इतके प्रचंड भरते. एवढ्या ओढीपुढे खोलीच्या तापमानालाही धातूचे धन आयन आपली जागा सोडून ऑक्साइडमधून बाहेरच्या बाजूला सरकतात, तिथे ऑक्सिजनला भेटतात आणि थर वाढतो. थर वाढला की दोन बाजूंमधले अंतर वाढते. विद्युतदाब तेवढाच राहत असल्याने क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि आयनांचा वेग क्षेत्रावर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्याने तो धाडकन कोसळतो. म्हणजे पापुद्रा स्वतःच्याच वाढीने स्वतःची वाढ रोखतो. भट्टीच्या तापमानाला गणित बदलते, कारण तिथे उष्णतेमुळेच आयन हलू लागतात आणि थर मिलिमीटरच्या हिश्शापर्यंतही जाऊ शकतो. पण आपला विषय पातळ थरांचा आहे.

मॉट आणि काब्रेरा यांचा सिद्धांत जाडी सांगतो, अणूंच्या जागा सांगत नाही. त्या सांगणे अवघड का आहे, हे ॲल्युमिनियमवरून नीट समजते. या ऑक्साइडचे सर्वांत स्थिर रूप म्हणजे कोरंडम; माणिक आणि नीलम ही त्याचीच अशुद्धीमुळे रंगलेली रूपे. कोरंडममध्ये प्रत्येक ॲल्युमिनियम आयनाभोवती ऑक्सिजनचे सहा आयन असतात. खोलीच्या तापमानाला हवेत तयार झालेला पापुद्रा मात्र अस्फटिकी असतो: त्यात अणूंची दूरवर जाणारी शिस्तबद्ध पुनरावृत्ती नसते, आणि पुष्कळशा ॲल्युमिनियम आयनांना ऑक्सिजनचे सहाऐवजी चार किंवा पाचच शेजारी मिळतात. कोरंडम जास्त स्थिर असूनही तो इथे बनत नाही, याला दोन कारणे आहेत. एक तर खोलीच्या तापमानाला अणूंना आपली योग्य जागा शोधण्याइतकी हालचाल करता येत नाही. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. थर काही नॅनोमीटरचाच असतो तेव्हा त्यातल्या अणूंचा फार मोठा हिस्सा एक तर वरच्या पृष्ठभागावर किंवा खालच्या धातूशी असलेल्या सांध्यावर असतो. तिथली ऊर्जा कमी ठेवणारी रचना आतल्या भागासाठी थोडी महाग असली तरी एकंदरीत फायद्याची ठरते, आणि लवचीक अस्फटिकी रचनेला धातूशी जुळवून घेणे सोपे जाते.

ज्या रचनेत पुनरावृत्तीच नाही, तिच्यातल्या प्रत्येक अणूची जागा मोजणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून अभ्यासकांनी मार्ग बदलला आणि धातूच्या एकाच स्फटिकाच्या पृष्ठभागावर शिस्तबद्ध ऑक्साइड थर मुद्दाम वाढवायला सुरुवात केली. यामागे पुण्याच्या वाहन उद्योगाला जवळचे असे एक कारणही होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष पाळण्यासाठी गाडीच्या एक्झॉस्टमध्ये जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण ॲल्युमिनियम ऑक्साइडवर पसरलेले असतात. बहुतेक औद्योगिक उत्प्रेरकांची घडण अशीच असते, आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर अनेक दशके काम होत आले आहे. धातूचे कण ऑक्साइडवर कसे बसतात हे अणूच्या पातळीवर पाहायचे, तर इलेक्ट्रॉन वापरणारी उपकरणे लागतात. जाड ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे त्यावर विद्युतभार साचतो आणि मोजमाप बिघडते. तोच ऑक्साइड धातूवर एक-दोन थरांचा असला की इलेक्ट्रॉन खालून ये-जा करू शकतात आणि अडचण संपते.

हे काम अतिनिर्वातात करावे लागते. वातावरणाच्या दाबाला पृष्ठभागावरील प्रत्येक अणूवर सेकंदाच्या अब्जांश भागात वायूचा एखादा रेणू येऊन आदळतो. दाब दहा लाख कोटी पटींनी कमी केला, तर स्वच्छ पृष्ठभाग काही तास स्वच्छ राहतो. मग धातू तापवायचा, मोजून ऑक्सिजन सोडायचा आणि तयार झालेला थर तपासायचा. तपासणीचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे मंदगती इलेक्ट्रॉनांचे विवर्तन: सुमारे १५० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी एक अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, असल्याने पृष्ठभागावरील अणूंच्या रांगा पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटवतात. दुसरा म्हणजे गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत उभा केलेला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. त्याची सुई पृष्ठभागापासून एका अँगस्ट्रॉमने दूर गेली तरी टनेलिंगचा प्रवाह सुमारे दहापट घटतो, आणि या टोकाच्या संवेदनशीलतेमुळेच अणू एकेक करून दिसतात. बिनिग आणि रोरर यांना १९८६ चे नोबेल मिळाले. एक सावधगिरी मात्र नेहमी बाळगावी लागते: ही सुई अणू पाहत नाही, तर इलेक्ट्रॉन कुठे सहज वाहतात ते पाहते. चित्रातला उंचवटा म्हणजे ऑक्सिजन की धातू, हे चित्र स्वतः सांगत नाही.

आता पहिले उदाहरण. प्लॅटिनमच्या षट्कोनी मांडणी असलेल्या पृष्ठभागावर लोखंडाच्या अणूंचा एकच थर टाकून ऑक्सिजनमध्ये तापवला, तर फेरस ऑक्साइडची एक दुपदरी चादर तयार होते: खाली प्लॅटिनमला लागून लोखंडाचा पदर आणि वर ऑक्सिजनचा. प्लॅटिनमच्या शेजारच्या दोन अणूंमधले अंतर २.७७ अँगस्ट्रॉम आहे, तर या चादरीतल्या लोखंडाच्या अणूंमधले ३.१० अँगस्ट्रॉमच्या आसपास. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपर हाताळलेल्या वाचकाला पुढचे गणित ओळखीचे वाटेल. दोन वेगळ्या अंतराच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की रेषा अधूनमधूनच जुळतात; इथे वरच्या आठ पावलांना खालची नऊ पावले जुळतात, कारण आठ गुणिले ३.१० आणि नऊ गुणिले २.७७ या दोन्हींचे उत्तर पंचवीस अँगस्ट्रॉमच्या जवळ येते. टनेलिंग मायक्रोस्कोपच्या चित्रात नेमकी याच अंतराची एक मोठी नक्षी दिसते. तिला म्वारे नक्षी म्हणतात. त्या पंचवीस अँगस्ट्रॉमच्या प्रवासात लोखंडाचा अणू कधी तीन प्लॅटिनम अणूंमधल्या खळग्यात असतो, तर कधी थेट एका अणूच्या डोक्यावर, त्यामुळे एकाच चादरीतले वेगवेगळे भाग रासायनिकदृष्ट्या वेगळे वागतात.

या चादरीत त्याहून लक्षवेधी गोष्ट आहे ती उभ्या दिशेची. फेरस ऑक्साइडच्या मोठ्या स्फटिकात याच दिशेने लोखंडाचा आणि ऑक्सिजनचा पदर एकमेकांपासून सुमारे १.२५ अँगस्ट्रॉमवर असतात. प्लॅटिनमवरच्या चादरीत ते अंतर ०.६८ अँगस्ट्रॉमच भरते. चादर जवळजवळ निम्मी चपटी होते. कारण विद्युतभाराचे आहे: एक पदर धन आणि दुसरा ऋण असल्याने त्यांची जोडी चार्ज केलेल्या कपॅसिटरसारखी वागते, आणि असे पदर एकावर एक रचत गेले की साठलेली ऊर्जा जाडीबरोबर वाढत जाते. निसर्गाला ते परवडत नाही. पदर जवळ आणून आणि खालच्या धातूतल्या इलेक्ट्रॉनांची मदत घेऊन हा भार सौम्य केला जातो. तरीही दोनेक चादरींपलीकडे हा ऑक्साइड या रूपात फारसा वाढत नाही. पुढे मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंडाच्याच दुसऱ्या एका ऑक्साइडची, बेटे उगवू लागतात.

दुसरे उदाहरण ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच, आणि माझ्या मते या सबंध क्षेत्रातले सर्वांत बोधप्रद. शिस्तबद्ध थर हवा असेल तर तो सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, पण ॲल्युमिनियम त्याआधीच वितळते. तोड म्हणून निकेल आणि ॲल्युमिनियम सम प्रमाणात असलेले, सोळाशे अंशांपलीकडे वितळणारे संयुग घेतात. त्याला ऑक्सिजन दिला की ऑक्सिजन निकेलला सोडून ॲल्युमिनियमशीच संयोग करतो, आणि पुढे तापवल्यावर सुमारे अर्धा नॅनोमीटर जाडीचा, अत्यंत नीटस थर मिळतो. १९९१ मध्ये हान्स-योआखिम फ्रॉइंड यांच्या गटाने त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा पुनरावर्ती तुकडा १०.५५ गुणिले १७.८८ अँगस्ट्रॉमचा निघाला, आणि त्याचा कोन काटकोन नसून ८८.७ अंशांचा. एवढ्या मोठ्या आणि तिरक्या तुकड्यात अणू कसे मांडायचे, हा प्रश्न पुढे चौदा वर्षे सुटला नाही, जरी दरम्यान जगभरच्या प्रयोगशाळा या थरावर धातूचे कण बसवून प्रयोग करतच होत्या. बहुतेकांनी गृहीत धरले होते की हा गॅमा ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या एका ज्ञात घन रूपाचा, पातळ काप असावा.

२००५ मध्ये व्हिएन्नातील गेओर्ग क्रेसे, मिखाएल श्मिड आणि सहकाऱ्यांनी टनेलिंग मायक्रोस्कोपची चित्रे आणि पुंजभौतिकीवर आधारलेली संगणकीय गणिते एकमेकांसमोर ठेवून उत्तर काढले. संगणकाने सुचवलेली प्रत्येक मांडणी चित्राशी जुळवून पाहायची, जुळली नाही तर बदलायची, आणि ऊर्जा कमी होते का हे पुन्हा तपासायचे, अशी ती पद्धत होती. जी रचना हाती लागली ती ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कोणत्याही ज्ञात घन रूपाशी जुळत नाही. धातूपासून वर जाताना ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, पुन्हा ॲल्युमिनियम, पुन्हा ऑक्सिजन असे चार पदर आहेत, आणि वरच्या ॲल्युमिनियमला ऑक्सिजनचे चार किंवा पाच शेजारी आहेत, कोरंडमसारखे सहा नाहीत. हवेतल्या अस्फटिकी पापुद्र्यातही चार आणि पाच शेजाऱ्यांचे प्राबल्य असते हे लक्षात घेतले, तर हा योगायोग वाटत नाही. सूत्रही बदलते. शाळेत शिकवलेल्या सूत्रानुसार दहा ॲल्युमिनियममागे पंधरा ऑक्सिजन हवेत. इथे तेराच आहेत. सर्वांत खालच्या पदरातले ॲल्युमिनियम अर्धे ऑक्सिजनशी आणि अर्धे खालच्या धातूशी बांधलेले असल्याने तेवढा ऑक्सिजन कमी पडला तरी चालते. असे असूनही थर पक्का विद्युतरोधक आहे. सूत्र पाहून गुणधर्म ठरवणाऱ्यांना हे पचायला जड गेले असेल, पण मोजमाप स्पष्ट आहे.

चुकीचे गृहीतक किती काळ टिकू शकते याचे चांदी हे आणखी ठळक उदाहरण आहे. चांदीच्या षट्कोनी पृष्ठभागावर ऑक्सिजनने बनणारा एक विशिष्ट थर १९७० च्या दशकापासून सिल्व्हर ऑक्साइडचा एक पदर म्हणून ओळखला जात होता, आणि इथिलीन ऑक्साइड बनवण्याच्या उद्योगात चांदी हीच उत्प्रेरक असल्याने त्यावर भरपूर लिहिलेही गेले. २००६ मध्ये दोन गटांनी दाखवले की त्यात सिल्व्हर ऑक्साइडची जाळी नाहीच. चांदीच्या सहा-सहा अणूंचे त्रिकोण आणि त्यांच्या फटींमध्ये ऑक्सिजन, अशी ती मांडणी आहे.

आतापर्यंतच्या थरांना धातूने घट्ट धरून ठेवले होते. रूथेनियम या धातूवर वाढवलेला सिलिकाचा दुपदरी थर याच्या उलट टोकाला आहे. त्यातले सिलिकॉनचे चारही हात त्याच थरातल्या ऑक्सिजनमध्ये गुंतलेले असल्याने धातूशी रासायनिक बंध उरत नाही, फक्त क्षीण आकर्षण उरते. धातूचे बंधन सुटल्यामुळे हा थर स्फटिकी होऊ शकतो किंवा काचेसारखा अव्यवस्थितही. स्फटिकी भागात सगळी कडी षट्कोनी असतात; काचेच्या भागात चारपासून नऊपर्यंत बाजूंची कडी एकमेकांत मिसळलेली दिसतात. काचेत अणूंचे जाळे कसे असेल याचे एक सपाट रेखाटन विल्यम झकारियासेन यांनी १९३२ मध्ये केवळ तर्काने केले होते. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत २०१२ च्या सुमारास या थराची जी चित्रे घेतली गेली, ती त्या रेखाटनाशेजारी ठेवली तर साम्य पाहून थक्क व्हायला होते. अस्फटिकी रचनेतले अणू एकेक करून मोजता येत नाहीत असे वर म्हटले, त्याला हा अपवाद. थर इतका पातळ आहे की आत लपायला जागाच नाही.

रचना कळल्याने हाती काय येते, हे दोन प्रसंगांतून पाहू. चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचे दोन-तीनच थर वाढवून त्यावर सोन्याचे अणू ठेवले, तर खालच्या धातूतून इलेक्ट्रॉन टनेलिंग करून सोन्यावर जातो आणि सोने ऋणभारित होते. २००५ मध्ये गणिताने वर्तवलेली ही गोष्ट दोनच वर्षांत प्रयोगात दिसली: ऋणभारित अणू एकमेकांना दूर लोटून अंतर राखून बसतात, आणि सोने वाढले तर ते चपट्या बेटांच्या रूपात पसरते. जाड मॅग्नेशियम ऑक्साइडवर तेच सोने गोळे करते. प्लॅटिनमवरच्या फेरस ऑक्साइडच्या चादरीची कथा याहून व्यवहाराजवळची आहे. अतिनिर्वातात ती कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनाला काहीच मदत करत नाही. ऑक्सिजनचा दाब काही मिलिबारपर्यंत वाढवला की लोखंडाच्या खालच्या बाजूलाही ऑक्सिजनचा पदर शिरतो, तिपदरी चादर बनते, आणि ती उघड्या प्लॅटिनमपेक्षाही वेगाने कार्बन मोनॉक्साइड जाळते. निर्वातात मोजलेली रचना कामाच्या दाबाला तशीच राहील असे धरून चालता येत नाही, म्हणून आता वायूच्या उपस्थितीतच मोजमाप करणारी उपकरणे वापरली जातात.

आणि ज्या अस्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइडपासून आपण निघालो, तो क्वांटम संगणकांच्या अतिसंवाहक परिपथांत आज अगदी मध्यभागी येऊन बसला आहे. तिथल्या जोसेफसन जंक्शनमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये एक ते दोन नॅनोमीटरचा हाच ऑक्साइड असतो, आणि त्यातून होणारे टनेलिंग हेच त्या परिपथाचे काम असते. अव्यवस्थित रचनेत काही अणूंना जवळजवळ समान ऊर्जेच्या दोन जागा मिळतात. त्या दोन जागांमध्ये त्यांची जी ये-जा चालते ती परिपथातली ऊर्जा शोषून घेते आणि क्यूबिटमधली, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकातली, माहिती लवकर पुसली जाते. त्या जंक्शनमध्ये कोणता अणू कुठे आहे हे थेट पाहण्याचे साधन अद्याप नाही, कारण तो थर दोन्ही बाजूंनी धातूखाली गाडलेला आहे आणि सुई तिथवर पोचत नाही. सध्या त्यावर दोन दिशांनी काम चालते: शिस्तबद्ध स्फटिकी ऑक्साइड वाढवून जंक्शन बनवण्याचे, आणि अस्फटिकी थराचे हजारो अणूंचे नमुने संगणकावर रचून त्यातली डळमळती जागा हुडकण्याचे.